अकरा पिशव्या आणि एक मुंडी

"बाई, पहिले तुमी एक ठरवा! जीपमधी तुमी येऊन राहिल्या का तुमचं सामान येऊन राहिलं? दोघायला जागा न्हाई!"

हिंगोलीच्या स्टँडाबाहेर, आषाढातल्या चिखलात निम्मी चाकं रुतलेल्या काळ्या-पिवळ्या जीपच्या टपावरून चाचा ओरडत होता. चाचा म्हणजे या जीपचा ड्रायव्हर. आमच्या लाइनवरचे सगळेच त्याला चाचा म्हणायचे, त्याच्याहून वयानं मोठे असलेले म्हातारेसुद्धा. हा माणूस नऊ जणांच्या जीपमध्ये सव्वीस जण बसवायचा. बोनेटवर दोन, मागच्या पायरीवर पाच, आणि स्वतः निम्मा दाराबाहेर लटकून एका पायानं ब्रेक दाबायचा. एकदा त्यानं अख्खं वऱ्हाड, नवरदेव आणि बँडवाल्याचा मोठा ढोल धरून, एकाच फेरीत सेनगावला पोचवलं होतं. जागा कमी पडली म्हणून ढोलात दोन लेकरं बसवली होती असं लोक सांगतात. त्यातलं एक पुढे माझ्याच वर्गात चौथीला आलं आणि त्याला ऐकायला कमी येत होतं, म्हणून माझा तरी विश्वास आहे.

तर अशा माणसाला ज्या दिवशी जागा कमी पडते, त्या दिवशी बाईमाणसानं आपल्या सामानाकडे एकदा नीट बघावं.

मी बघितलं. अकरा पिशव्या होत्या. बघून, खरं सांगते, मला ओकारी आली.

मी शिक्षिका. सेनगावच्या पुढे डांबरी रस्ता जिथे दम सोडतो तिथून आत मैलभर एक तांडा आहे, तिथल्या दोन शिक्षकी शाळेत होते. हिंगोली परभणीतून सुटून वेगळा जिल्हा झाला त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. मी राहायला हिंगोलीत. नियमाप्रमाणे नोकरीच्या गावी राहायला हवं होतं, आणि कागदोपत्री मी तिथेच राहत होते. सामान बघून कुणालाही वाटलं असतं की ही बाई रोज सकाळी बिऱ्हाड हलवते आणि संध्याकाळी पश्चात्ताप होऊन परत येते.

लोकांना पालीची किळस असते, झुरळाची असते. मला पिशवीची आहे. विशेषतः तिच्या तळाशी जे असतं त्याची. लोणच्याच्या तेलात भिजलेल्या कागदाचा लगदा, त्या लगद्याला चिकटलेली डाळ, त्या डाळीला आलेला मोड, खडूची भुकटी, कंगव्याचा एक दात आणि एक गोळी, जी तापाची आहे का लिमलेटची हे चाखून बघायला कुणी तयार नाही. माझ्या एका पिशवीच्या तळाशी मेथी उगवली होती. सासूबाईंनी ती खुडून वरणात घातली. आणि वास! रॉकेल, ओलं गोणपाट, ताक आणि पोरांच्या वह्या यांचा मिळून एक वास तयार होतो. तो माझ्या अंगाला असा लागला होता की लग्नात मी पंगतीला बसले की शेजारची बाई आपली पर्स उघडून बघायची, आत काही सांडलं का म्हणून. एका उन्हाळ्यात तर ताकाची बाटली जीपमध्येच फुटली. आठवडाभर त्या जीपमागे कुत्री धावत होती आणि चाचा मला सलाम करायचा बंद झाला होता.

खांद्याचं सांगायलाच नको. पिशव्यांच्या बंदांनी डाव्या खांद्यावर असा खड्डा पाडला होता की पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं. ब्लाउज शिवणारी बाई माप घेताना दर वेळी विचारायची, "ताई, हा खांदा खाली ठेवू का तुमी वर करून राहिल्या?"

आता कुणी विचारेल, काहून एवढं वागवायचं? नाही म्हणावं की. म्हणणाऱ्यानं आमच्या सासूबाईंना भेटावं.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला नरसीची वारी, आणि घरात दोन कायदे. पहिला, कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही. दुसरा, कुणाचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही. कायदे चांगलेच आहेत, सगळ्या मुलखात आहेत. पण ते ज्यानं केले त्याच्या डोळ्यांपुढे वर्षाकाठी दोनदा येणारा पाहुणा असणार. रोज जाऊन-येऊन नोकरी करणारी सून त्याच्या स्वप्नातसुद्धा आली नसणार. मी रुजू झाले त्या महिन्यात तांड्यावरच्या एका बाईनं मला डबाभर हरभऱ्याची वाळली भाजी दिली. सासूबाईंनी डबा परत धाडताना त्यात कुरड्या भरल्या. तिनं कुरड्यांच्या डब्यात तीळ धाडले. तिळाच्या डब्यात पापड गेले, पापडाच्या डब्यात मिरच्या आल्या. तिच्या शेजारणीनं हे बघितलं आणि तिनंही डबा काढला. वर्षभरात तांड्यावरच्या चाळीस घरांचे डबे हिंगोलीत आणि हिंगोलीचे तांड्यावर असे फिरायला लागले. दोन्ही टोकांच्या बायका पुण्यवान. मध्ये मी, चिखलातून. थांबायला कुणीच तयार नव्हतं, कारण जी थांबेल ती हलकी पडेल. शेवटी शेवटी तर मी जे पापड पोचवत होते ते महिन्याभरापूर्वी त्याच घरातून मीच आणलेले होते. मी ओळखले. एकाच्या कडेला माझ्याच दाताची खूण होती.

त्याशिवाय सांगावे. बाई, चष्म्याची काडी बसवून आना. बाई, रेडिओ बोलून नाही राहिला, दाखवून आना. बाई, घागऱ्याला लावायला आरशाच्या टिकल्या आना, मागच्या आनल्या त्या बारीक होत्या. त्याशिवाय शाळेतल्या खिचडीचं तेल-मीठ, खडू, पोरांच्या वह्या.

तांड्यावर एक म्हातारा होता, सगळे त्याला नायक म्हणायचे. पांढऱ्या मिशा, कानात बाळी, आणि जिभेला धार. तांड्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्याच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे, ती लदेणी त्याच्या आजानं केली होती. मी टेकाड चढून आले की तो शाळेच्या भिंतीला टेकून बसलेला असायचा आणि रोज तेच म्हणायचा, "आमच्या बैलानं सोडलं ते बाईनं धरलं!"

एकदा मी चिडून म्हटलं, "बैलाचे हाल बरे होते म्हणायचे मग."

"व्हय तर. बैलाच्या गोण्या मुक्कामाला उतरवायचे. तुमचा मुक्कामच येत न्हाई."

या सगळ्यात एकच पिशवी अशी होती की तिच्यात खायचं, शिवायचं, दुरुस्तीचं काही नव्हतं. तिच्यात शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर होतं. शाळा सुरू झाल्यापासून कोण पोरगं कधी दाखल झालं, त्याची जात काय, जन्मतारीख काय, ते सगळं त्या एका जाडजूड वहीत, लाल फडक्यात बांधलेलं. तांड्यावर कुणाचा जन्म कधी झाला हे आईबापाला "त्या साली जवारी लई पिकली होती" एवढंच माहीत. तारीख फक्त रजिस्टराला माहीत. ते हरवलं तर अख्खा तांडा कागदावर जन्मलाच नाही. असली वस्तू रोज चाळीस किलोमीटर जीपच्या टपावरून का हिंडवायची? कारण एका पावसाळ्यात शाळेचं छत गळलं, लाकडी कपाटाला वाळवी लागली आणि हजेरीपट निम्मा खाल्ला गेला. तेव्हापासून आमच्या मुख्याध्यापक गुरुजींनी ठरवलं की रजिस्टर रात्री शाळेत राहणार नाही. गुरुजीही हिंगोलीतच राहायचे, मोटरसायकलवर यायचे. मी म्हटलं, "मग तुमीच न्या की." तर म्हणाले, "बाई, मोटरसायकलवरून पडलं म्हणजे? अन् तसंही तुमच्याकडं पिशव्या असतातच." एवढं बोलून हा माणूस रिकाम्या हातानं, शीळ घालत निघून गेला. त्या शिळेची मला आजही शिसारी येते.

तर चाचा ओरडत होता तो दिवस. त्या दिवशी रजिस्टराची खरोखरच गरज होती. नायकाची नात बारावी पास झाली होती, तांड्यावरून बारावी झालेली पहिली पोरगी. हिंगोलीतच नर्सच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागत होता, पण जातीचा दाखला पाहिजे होता. दाखल्याच्या अर्जाला शाळेचा उतारा लागतो, तिचा आणि तिच्या बापाचा, आणि बापही आमच्याच शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. म्हणजे दोन्ही नोंदी त्याच एका वहीत. सेनगावच्या तहसिलात अर्ज घ्यायचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी खिडकी बंद झाली की पोरगी घरी, आणि घरी बसली की दिवाळीपर्यंत लग्न, हे तिच्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

चाचानं शिव्या घालत पिशव्या टपावर रचल्या. मी माणसांच्या ढिगात शिरले. तांड्याच्या फाट्यावर उतरले, चाचानं वरून एकेक पिशवी खाली सोडली, मी मोजली. अकरा. बरोबर अकरा. मोजण्यात मी कधी चुकत नसे. चाळीस पोरांची हजेरी मी वासावरून घ्यायची.

पिशव्या दोन्ही खांद्यांवर, दोन्ही कोपरांत आणि एक दातात धरून मी मैलभर काळ्या चिखलातून गेले. चपलांना माती अशी चिकटली की शाळेत पोचले तेव्हा मी दीड वीत उंच झाले होते. ओट्यावर नायकाची नात उभी होती. इस्त्रीचा ड्रेस, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, हातात काही नाही. नायक भिंतीला टेकलेला. गुरुजी टेबलाशी, पेनाचं टोपण काढून तयार.

"आणा बाई, पहिले हिचं काम करू."

मी रजिस्टराची पिवळी पिशवी पुढे ओढली. खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पिशव्या शिवून विकणारा एक शिंपी हिंगोलीत होता, आणि तालुक्यातल्या निम्म्या लोकांकडे त्याच्याच पिशव्या. सुतळी ओढून काढली, न बघता हात आत घातला, आणि माझ्या बोटांना दात लागले.

रजिस्टराला दात नसतात.

मी हात आणखी आत नेला, कारण माणूस संकटात शहाण्यासारखं वागत नाही. गार नाक लागलं. मग ओला, खरखरीत, केसाळ कान. मी किंचाळले ती किंकाळी ऐकून, म्हणतात, खालच्या ओढ्यावरच्या म्हशी पाण्यातून बाहेर आल्या. पिशवी उलटी झाली आणि गुरुजींच्या टेबलावर बकऱ्याची एक मुंडी आणि चार खूर येऊन पडले. आखाड चालू होता. श्रावण लागायच्या आधी ज्याला त्याला मटण खायची घाई, ज्याला मटण परवडत नाही तो मुंडी नेतो. मुंडीचा एक डोळा उघडा होता आणि तो गुरुजींकडे बघत होता. शाई भरलेलं पेन गुरुजींच्या हातात तसंच.

"बाई, हे काय आहे?"

"बकरं आहे, गुरुजी."

"ते दिसून राहिलं. रजिस्टर कुठंय?"

मी बाकीच्या दहा पिशव्या उपसल्या. कुरड्या होत्या. टिकल्या होत्या, या वेळी मोठ्या. चष्मा होता, रेडिओ होता, शिवलेला ब्लाउज होता, खडू होते, खिचडीचं मीठ होतं. कुणाचं काही म्हणून राहिलं नव्हतं. फक्त ती एक नव्हती. मुंडीवर माशा जमल्या. बोटांचा चिकटपणा जाईना, पदराला पुसला तर पदरालाही लागला. आणि मला त्या बकऱ्याची नाही, माझी किळस आली. जिनं चाळीस घरांचे पापड न मोडता पोचवले, तिनं एका पोरीचं आयुष्य टपावर विसरलं.

"रजिस्टर तुमच्या ताब्यात होतं, बाई," गुरुजी म्हणाले. शीळ नाही घातली, एवढीच मेहरबानी.

 पोरीनं एकदा सूर्याकडे बघितलं, वेळ बघावी तसं. मग म्हणाली, "पाचला बंद होते खिडकी."

नायक उठला. मला वाटलं आता हा ऐकवणार, आणि ऐकवलं तरी मी ऐकून घेणार होते. तो मुंडीकडे गेलाच नाही. त्यानं खाली पडलेली सुतळी उचलली. मी घाईत गाठ न सोडता नुसती सरकवून काढली होती, त्यामुळे गाठ तशीच होती. ती त्यानं डोळ्यांजवळ धरली, अंगठ्यानं दाबली, उलटी करून बघितली.

"वरच्या तांड्याची हाय," तो म्हणाला. "विहिरीजवळचं घर."

"गाठीवरून कसं कळतं?" गुरुजींनी विचारलं.

"शंभर बैल एका मुक्कामाला बसायचे गुरुजी. दोनशे गोण्या. साऱ्या सारख्या, लिहिता-वाचता कुनाला येत न्हाई. मंग कोनाची गोणी कोनती? ज्याच्या घराची गाठ त्याची गोणी. बैल गेले, गाठ गेली न्हाई. आमचे लोकं अजून तशीच बांधतात." मग माझ्याकडे वळून, "तुमी काय बघून घेता, बाई?"

"मी मोजून घेते."

"हां," नायक म्हणाला. "मोजून तर मुंडी बी बराबर भरली."

वरचा तांडा माझ्यानंतरचा फाटा. म्हणजे मी माझी म्हणून त्यांची पिशवी उतरवून घेतली, आणि त्यांनी उरलेली, सारखीच दिसणारी, माझी. चूक सगळी माझी. मुंडी मी पळवली होती. माळकऱ्याची सून, मुंडी घेऊन फरार.

चाचाची जीप बारा वाजता त्याच रस्त्यानं परत यायची. मी, नायक आणि पोरगी फाट्यावर जाऊन उभे राहिलो. मुंडी पुन्हा पिशवीत भरून, ती पिशवी हातभर लांब धरून, मी नाकाला पदर लावलेला. ऊन पडलं होतं, आणि आषाढातल्या उन्हात मुंडी गप्प बसत नाही. चाचानं जीप थांबवली, वास घेतला आणि म्हणाला, "तौबा. आज काय आणलं बाईनं?"

सांगितलं. चाचा दोन मिनिटं स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मग पोरीकडे बघितलं, हसू थांबवलं आणि आतल्या सगळ्या पॅसेंजरांना म्हणाला, "उतरा रे, अर्ध्या घंट्यात येतो. ज्याला घाई हाय त्यानं चालत जा." आणि आश्चर्य म्हणजे लोक उतरले. बोनेटवरचे दोघं नाही उतरले, त्यांना मुंडीचा निकाल बघायचा होता.

वरच्या तांड्यावर विहिरीजवळच्या घरापुढे माणसं जमलेली. घरधनीण कमरेवर हात ठेवून नवऱ्याला झाडत होती, "मुंडी आनायला धाडलं त पोथी घेऊन आलं हे मानूस! पाव्हन्याला काय पोथी शिजवून घालू?" नवरा बापडा शपथा घेत होता की पिशवीत मुंडीच घातली होती, खाटकानं त्याच्यासमोर घातली होती, वाटेत काही चमत्कार झाला असेल तर देवाला विचारा. ओट्यावर एक म्हातारी पाहुणी बसलेली, तिला चमत्कार पटला होता. आखाडात मटण खाऊ नका, पोथी वाचा, असा हा इशारा आहे म्हणून तिनं लाल फडक्यातलं रजिस्टर पाटावर मांडून त्याला हळद-कुंकू वाहिलं होतं. पाहुण्यांपैकी बाकी कुणी या इशाऱ्यानं खूश दिसत नव्हतं.

मी मुंडी पुढे केली. चमत्कार संपला. घरधनिणीनं मुंडी घेतली, आत डोकावून बघितलं, चार खूर मोजले, आणि मग माझ्याकडे बघून तिचा चेहरा असा फुलला की मला धोका कळायला हवा होता.

"बाई, एवढ्या चिखलाच्या तुमी मुंडी घेऊन आल्या. आता तुमाला रिकाम्या हातानं कशी धाडू?"

"नको," मी म्हटलं. "नको, ताई. हात जोडते. रजिस्टर द्या, वेळ नाही."

"घरी आलेल्या बाईला रिकामी धाडली त लोकं काय म्हनतील? थांबा, मुंडीचा रस्सा होऊ द्या, डबा देते."

"आमच्याकडं माळ आहे!"

"मंग लसूण न्या."

एका पिशवीत लसणाच्या जुड्या, दुसरीत वाळल्या मिरच्या. मी नाही म्हणत होते आणि पिशव्या माझ्या हातात येत होत्या, हे कसं होतं ते मला आजवर कळलेलं नाही. गेले एका पिशवीसाठी, आले तीन घेऊन. चाचा जीपमधून ओरडला, "बाई, विहीर बी बांधून घ्या म्हना, टपावर जागा हाय!" मिरच्यांच्या खाटानं बोनेटवरचे दोघं आमच्या फाट्यापर्यंत शिंकत आले.

शाळेत गुरुजींनी टेबल तीनदा पुसून घेतलं होतं तरी ते टेबलापासून लांब उभे होते. मी उतारा लिहिला. बापाची नोंद, लेकीची नोंद. बापाच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं होतं, ते फुंकून काढलं. हातांना मिरची, मुंडी, लसूण आणि शाई, सगळं लागलेलं. सही-शिक्का होईपर्यंत दोन वाजले. पोरीनं दोन्ही कागद वाचले, बापाचं नाव बरोबर लिहिलंय का ते बोट ठेवून बघितलं, घडी केली आणि मुठीत धरली. आजोबा आणि नात फाट्यावर जाऊन चाचाच्या पुढच्या फेरीत बसून सेनगावला गेले. खिडकी बंद व्हायच्या आत अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी चाचानंच मला सांगितलं, आणि वर म्हणाला, "तेवढीच एक सवारी होती कालची, सामान न्हाई, कटकट न्हाई."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला दारातच उभं करून डोक्यावरून पाणी घातलं. लसूण मात्र आधी आत घेतला. ओल्या केसांनी मी जाहीर केलं: उद्यापासून एक पिशवी. एकच. रजिस्टर, डबा, पाणी. तांड्यावरचं काही येणार नाही, इथलं काही जाणार नाही. ज्यांची भांडी अडकली असतील त्यांनी स्वतः येऊन न्यावीत.

आणि मी ते पाळलं. पंधरा दिवस पाळलं! सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. ओट्यावर कुरड्यांनी भरलेले डबे रांगेनं बसलेले, जाता-येता माझ्याकडे बघायचे. तांड्यावरच्या बायका म्हणायच्या, "बाईला काय झालं? गुर्मी आली." येऊ द्या. मी ताठ चालायला लागले होते. खांद्याचा खड्डा भरून येत होता. बोटांवरचे वळ उतरले. जीपमध्ये चाचानं मला पहिल्यांदा पुढची सीट दिली. पिशवीला मी माझी स्वतःची गाठ शिकले, नायकाकडूनच, आणि शाळेच्या भिंतीला टेकून तो मला बघायचा, पण बैलाचं नाव काढायचा नाही.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी फाट्यावर आले तर नायकाची नात तिथे उभी. दाखला मिळाला होता, ट्रेनिंगला नाव लागलं होतं, त्याच दिवशी हिंगोलीला हॉस्टेलवर जायचं होतं. तोच इस्त्रीचा ड्रेस, तीच घट्ट वेणी. हातात एक छोटी पर्स, बस्स. माझं मन भरून आलं. जीपमध्ये मी तिला शेजारी घेतलं आणि हिंगोली येईपर्यंत सोडलं नाही. बघ, म्हटलं, असं निघावं बाईनं घरातून! हात मोकळे. उगाच वाहायचं नाही कुणाचं काही. लोकांना नाही म्हणायला शीक. मला बघ, मी आयुष्याची तेरा वर्षं पापड वाहिले, तुझं तसं नको व्हायला. ती मान डोलावत होती. चाचा आरशातून बघत होता.

स्टँड आला. तिनं पर्स काखेत धरली आणि उतरली. मला एकदम आठवलं म्हणून मी विचारलं, "अगं, गादी? पेटी? महिन्याची जवारी, लोणचं, काही तर लागेल ना हॉस्टेलवर?"

"ते सोमवारपासून तुमच्यासंगं येनार हाय, बाई," ती म्हणाली.